काळ्या यादीत अडकलेली खरी मेल

८ मार्च २०२१ रोजी देशभर बँकांचे ओटीपी येईनासे झाले. पैशांचे व्यवहार अडले, आधारची पडताळणी अडली, कोविनवरची लसीकरणाची नोंदणी अडली. त्या दिवशी कुठलीही यंत्रणा बंद पडली नव्हती. एक नवी यंत्रणा सुरू झाली होती. व्यापारी एसएमएसचा उपद्रव थांबवण्यासाठी दूरसंचार नियामक ट्रायने २०१८ मध्ये नियम केले होते. त्यांनुसार प्रत्येक संस्थेने आपलं नाव आणि संदेशाचा साचा आधी नोंदवायचा, आणि टेलिकॉम कंपन्यांनी प्रत्येक संदेश त्या नोंदीशी ताडून पाहायचा. जुळला नाही तर तो पुढे जाणार नाही. अनेक संस्थांची नोंदणी अपुरी होती. चाळणी लावल्याबरोबर नको असलेल्या संदेशांबरोबर हवे असलेलेही गळाले. दुसऱ्याच दिवशी ट्रायने ती सात दिवसांसाठी थांबवली.

एसएमएसच्या बाबतीत सगळ्या देशाने एका दिवसात जे पाहिलं, ते ई-मेलच्या बाबतीत पंचवीसहून अधिक वर्षं रोज थोडंथोडं घडत आलं आहे. फरक एवढाच की ओटीपी आला नाही तर माणसाला पुढच्या मिनिटाला कळतं. न आलेल्या मेलची कोणी वाटच पाहत नसतं, म्हणून तिची तक्रारही होत नाही. स्पॅम रोखण्यासाठी संशयित पत्त्यांच्या ज्या काळ्या याद्या वापरल्या जातात, त्यांत निर्दोष पाठवणाऱ्यांवर ठपका का बसतो आणि तो कमी कसा करता येईल, याबद्दल आजवर काय कळलं आहे याचा हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगतो: या चुकांची जबाबदारी यादी बनवणाऱ्यापेक्षा ती वापरणाऱ्यावर जास्त आहे, आणि आज ती जबाबदारी कोणीच घेत नाही.

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासा-नरोली रस्त्यावरचं अथाल घ्या. इथून मसाट, पिपरिया, रखोलीपर्यंतच्या पट्ट्यात प्लास्टिक, टेक्स्चराइज्ड यार्न, पॅकिंगचं साहित्य बनवणारी लहानमोठी युनिट आहेत. माल इथे बनतो. पार्टी मुंबईत, सुरतेत, इचलकरंजीत नाहीतर परदेशात असते. परचेस ऑर्डर, प्रोफॉर्मा, डिस्पॅचचे कागद, टेस्ट सर्टिफिकेट, बँकेचा पत्रव्यवहार असं सगळं मेलवर चालतं. मोठ्या कंपनीत आयटी विभाग असतो. वीस-पंचवीस माणसांच्या युनिटमध्ये अकाउंट्स पाहणाराच मेलही पाहतो. मेल परत आली की तो पार्टीला फोन लावतो. पार्टी सांगते, आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे, बाकीच्यांच्या मेल येताहेत. तो होस्टिंगवाल्याला फोन लावतो. होस्टिंगवाला सांगतो, सर्व्हर चालू आहे. सगळे खरंच बोलत असतात, आणि मेल मात्र पोहोचलेली नसते.

परत आलेल्या त्या मेलमध्येच बहुतेक वेळा उत्तर लिहिलेलं असतं. ते इंग्रजीत आणि आकड्यांत असतं, म्हणून कोणी वाचत नाही. सुरुवातीला तीन आकडी क्रमांक असतो. तो ४ ने सुरू झाला असेल तर अडचण तात्पुरती आहे आणि सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करेल. ५ ने सुरू झाला असेल तर नकार कायमचा. ५५४ आणि त्यापुढे ५.७.१ असेल तर धोरण म्हणून नाकारलं, असा अर्थ. त्याच ओळीत पुढे चौकटी कंसात एक आयपी पत्ता असतो आणि ‘ब्लॉक्ड यूझिंग’ या शब्दांनंतर कुठल्या यादीमुळे नाकारलं त्या यादीचं नाव. तो आयपी पत्ता आपल्या ऑफिसातल्या ब्रॉडबँडचा आहे की होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरचा, हे आधी पाहावं. पुढची सगळी वाट त्यावर ठरते.

यादी तपासण्याची पद्धत साधी आहे आणि ती समजून घेणं गरजेचं आहे, कारण अनेक चुका तिच्या साधेपणातूनच जन्मतात. समजा १९२.०.२.१० या पत्त्यावरून मेल आली. घेणारा सर्व्हर हे चार आकडे उलटे मांडतो, १०.२.०.१९२, त्यापुढे यादीचं नाव जोडतो आणि डीएनएसला विचारतो, या नावाचा पत्ता आहे का? डीएनएस ही एरवी वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था. ‘असं नाव नाही’ हे उत्तर आलं तर तो पत्ता यादीत नाही. १२७.०.० ने सुरू होणारं उत्तर आलं तर तो यादीत आहे, आणि शेवटचा आकडा कारण सांगतो. हे सगळं क्षणार्धात होतं, मेलचा मजकूर उघडावाही लागत नाही. स्वस्त आणि वेगवान असल्यामुळे ही पद्धत जगभर पसरली.

तिची सुरुवात १९९७ च्या सुमाराची. स्पॅम त्याहून जुनं आहे. १९७८ च्या मे महिन्यात डीईसी या कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकच जाहिरात पाठवली, ती पहिली मानतात. पुढे मेल सगळ्यांच्या हाती आली. भारतात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट खुलं केलं. तोवर अमेरिकेत जाहिरातींचा पूर सुरू झाला होता. डीएनएसच्या जडणघडणीतले एक प्रमुख तंत्रज्ञ पॉल व्हिक्सी यांनी कॅलिफोर्नियात मॅप्स नावाने पहिली मोठी काळी यादी चालवली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये स्पॅमहाउस सुरू केलं. आज जगात सर्वांत जास्त वापर त्यांच्या याद्यांचा आहे. या लोकांनी जे केलं त्याशिवाय मेल टिकली नसती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्यांच्या चुकांबद्दल लिहिताना हे विसरू नये.

आता चुकांकडे येऊ. त्या एका जातीच्या नाहीत, आणि उपाय शोधताना पहिली अडचण हीच येते की सगळ्यांना एकच नाव दिलं जातं.

सर्वांत मोठी जात सामायिक पत्त्यांची. चाळीतल्या एका खोलीने पाण्याचं बिल थकवलं म्हणून सगळ्या चाळीचं पाणी तोडावं, तसा हा प्रकार आहे. लहान युनिट वर्षाला काही हजार रुपयांत होस्टिंग घेतं. त्या सर्व्हरवर आणखी शेकडो वेबसाइट असतात आणि सगळ्यांच्या मेल एकाच आयपी पत्त्यावरून बाहेर पडतात. त्यातल्या एकाचा पासवर्ड चोरीला गेला आणि रात्रीतून तिथून पन्नास हजार फसव्या मेल गेल्या, की सकाळी सगळ्यांच्याच मेल परत येऊ लागतात. पत्त्यांच्या टंचाईने यात भर घातली आहे. आशिया-पॅसिफिक विभागातला आयपीव्ही४ पत्त्यांचा मोकळा साठा २०११ च्या एप्रिलमध्येच संपत आला. तेव्हापासून एकेका पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवण्याची पद्धत वाढली. इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या मंडळींनी २०११ मध्येच एका दस्तऐवजात इशारा दिला होता की पत्ता सामायिक झाला की त्याला लागलेला डागही सामायिक होतो.

या बाबतीत आपल्या देशाची बाजू स्वच्छ नव्हती. २०१२ साली सोफोस या सुरक्षा कंपनीच्या तिमाही पाहणीत स्पॅम पाठवणाऱ्या देशांत भारत पहिला आला. स्पॅम लिहिणारे भारतात होते असं नाही. विषाणू शिरलेले आपले संगणक त्यांच्यासाठी राबत होते. बाहेरच्या सर्व्हरवाल्यांनी त्यामुळे भारतीय पत्त्यांचे मोठमोठे पट्टेच संशयित मानले असतील तर नवल नाही. पण त्याचा भुर्दंड अँटिव्हायरस नीट ठेवणाऱ्यालाही तेवढाच बसला. देशच्या देश अडवण्याची ही सवय फक्त भारताच्या वाट्याला आली असंही नाही. अमेरिकेतल्या व्हेरायझनने २००४ च्या अखेरीस युरोपातून येणाऱ्या मेलचा मोठा भाग अडवला होता. ग्राहक कोर्टात गेले आणि कंपनीला तडजोड करावी लागली.

दुसरी जात धोरण-याद्यांच्या गैरसमजाची. ही आपल्याकडे फार आढळते, आणि थोडी माहिती असेल तर ती पूर्ण टाळता येते. स्पॅमहाउसची पीबीएल नावाची यादी २००७ पासून आहे. तिच्यात घरगुती आणि ऑफिसच्या ब्रॉडबँडचे, सतत बदलणारे पत्ते असतात. बरेचसे इंटरनेट कंपन्या स्वतःच कळवतात. या यादीत असणं हा आरोप नाही. या पत्त्यावरून थेट मेल येणं अपेक्षित नाही, ती कंपनीच्या मेल सर्व्हरमार्गे यायला हवी, एवढंच ती सांगते. अथालच्या ऑफिसातला बीएसएनएलचा पत्ता या यादीत असणं अगदी योग्य आहे.

चूक होते ती पुढे. प्रत्येक मेलच्या माथ्यावर तिच्या प्रवासाच्या नोंदी असतात: ऑफिसच्या संगणकावरून निघाली, होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर आली, तिथून पार्टीच्या सर्व्हरवर पोहोचली. यादी तपासायची ती शेवटच्या टप्प्यावर दारात उभ्या असलेल्या सर्व्हरच्या पत्त्यासाठी. काही फिल्टर मात्र अतिउत्साहाने सगळ्या नोंदी उकरतात. त्यांना पहिल्या नोंदीत ब्रॉडबँडचा पत्ता सापडतो, तो पीबीएलमध्ये असतोच, आणि योग्य मार्गाने आलेली मेल नाकारली जाते. पीबीएल असं वापरू नका, असं स्पॅमहाउस स्पष्ट लिहितं. तरी ते घडतं. याच चुकीचं भावंड म्हणजे आपल्याच होस्टिंगवाल्याने पासवर्ड देऊन लॉगिन केलेल्या ग्राहकालाही या यादीवरून अडवणं. दोन्ही ठिकाणी यादी बरोबर असते, वापर चुकीचा असतो.

तिसरी जात मुद्दाम केलेल्या शिक्षेची. काही याद्या स्पॅम पाठवणारा पत्ता नोंदवून थांबत नाहीत. त्याला आसरा देणाऱ्या कंपनीवर दबाव यावा म्हणून शेजारचे पत्ते, मग सगळा पट्टाच यादीत घालतात. २००१ ते २००६ मध्ये चालणारी स्प्यूज ही यादी यासाठी प्रसिद्ध होती. ती कोण चालवतं हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे दाद मागायची सोय नव्हती. आजची युसीईप्रोटेक्ट ही यादी तीन पायऱ्यांत काम करते: पहिल्या पायरीवर एकेक पत्ता, दुसऱ्यावर शेजारचा पट्टा, तिसऱ्यावर इंटरनेट कंपनीचं सगळं जाळं. लवकर नाव काढून हवं असेल तर ती पैसे घेते. तिसऱ्या पायरीवरची नोंद पाहून मेल थेट नाकारणं मला समर्थनीय वाटत नाही. ज्याला शिक्षा होते त्याच्या हातात गुन्हा थांबवणं नसतं.

चौथी जात मेलेल्या याद्यांची. २००३ च्या ऑगस्टमध्ये ओसिरुसॉफ्टची यादी हल्ल्यांना कंटाळून बंद झाली आणि बंद होताना तिने प्रत्येक प्रश्नाला ‘यादीत आहे’ असं उत्तर द्यायला सुरुवात केली. डेन्मार्कमधून चालणारी ओआरडीबी २००६ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली, पण जगभरचे सर्व्हर तिला विचारतच राहिले. २००८ च्या मार्चमध्ये तिनेही सगळ्या जगाला दोषी ठरवलं. सव्वा वर्ष कोणी सर्व्हरची सेटिंग उघडून पाहिली नव्हती, हे त्यातून उघडं पडलं. सॉर्ब्स ही जुनी यादी २०२४ च्या जूनमध्ये बंद झाली. आजही कित्येक ठिकाणच्या सेटिंगमध्ये तिचं नाव असेल.

या जातीचा एक नवा अवतार आहे, आणि तो लहान होस्टिंगवाल्यांना हमखास गाठतो. स्पॅमहाउसची मोफत सेवा गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारलेल्या प्रश्नांना खरं उत्तर देत नाही. ती १२७.२५५.२५५.२५४ असं, प्रश्न विचारण्यात चूक झाल्याची सूचना देणारं उत्तर पाठवते. ज्याने सर्व्हर लावताना ‘काहीही उत्तर आलं की नाकारा’ असं लिहिलं आहे, त्याचा सर्व्हर त्या क्षणापासून येणारी प्रत्येक मेल नाकारतो. यादी म्हणत असते, माझं उत्तर धरू नका. सर्व्हर त्याचा अर्थ दोषी असा लावतो. उपाय दोन ओळींचा आहे: स्वतःचा डीएनएस वापरा आणि उत्तराचा शेवटचा आकडा तपासा.

विकत घेतलेल्या ‘डेटा’बद्दल इथेच बोलायला हवं, कारण या बाबतीत आपल्याकडे स्वतःला निर्दोष समजण्याची सवय आहे. प्रदर्शनांत, व्यापारी डिरेक्टऱ्यांत, सीडीवर किंवा एक्सेलच्या फाइलीत हजारो खरेदीदारांचे मेल पत्ते विकायला असतात. एखादं युनिट ते घेतं आणि सगळ्यांना कॅटलॉग पाठवतं. अशा फाइलींत सापळ्याचे पत्ते असतात. याद्यावाल्यांनीच पेरलेले, कोणत्याही खऱ्या माणसाचे नसलेले. तिथे मेल गेली की पाठवणारा यादीत जातो. कारखानदाराला वाटतं, मी खरा माल बनवतो, मी कसा स्पॅमर? पण न मागता हजारोंना पाठवलेली मेल माल खरा असला तरी स्पॅमच असते. हा चुकीचा ठपका नव्हे. याला चुकीचा ठपका म्हणत राहिलो तर खऱ्या चुकांची तक्रारही कोणी गांभीर्याने घेणार नाही.

चुकांचं मोजमाप किती झालं आहे? अपेक्षेपेक्षा कमी, पण जे झालं ते मोलाचं आहे. एमआयटीच्या जेयन जंग आणि एमिल सिट यांनी २००४ मध्ये दाखवलं की त्यांच्या प्रयोगशाळेकडे आलेल्या स्पॅमचे सुमारे ८० टक्के उगम सातपैकी कुठल्या ना कुठल्या यादीत होते. याद्यांचा उपयोग त्यातून सिद्ध झाला. पण निर्दोषांचं काय, हा प्रश्न मिशिगन विद्यापीठात सुशांत सिन्हा, मायकल बेली आणि फर्नाम जहानियन यांनी २००८ मध्ये नीट धसाला लावला. हे सिन्हा म्हणजे ज्यांनी त्याच वर्षी इंडियन कानून हे कायद्याचं शोधयंत्र सुरू केलं तेच. भारतातले असंख्य वकील आज ते वापरतात. त्यांच्या या दुसऱ्या कामाची मात्र फारशी ओळख नाही. या तिघांनी विद्यापीठाच्या जाळ्यावर येणाऱ्या मेलवर चार नामांकित याद्या तपासल्या. सगळ्याच याद्यांतून भरपूर स्पॅम निसटत होतं, आणि सॉर्ब्समध्ये तर निर्दोषांवर ठपका बसण्याचं प्रमाणही लक्षणीय होतं.

त्यांचा २०१० चा पुढचा निबंध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यांचं म्हणणं असं की एकच यादी सगळ्या जगाला सारखी लागू करणं हेच चुकांचं मूळ आहे. एखाद्या जाळ्यातून जगाला स्पॅम जात असेल, पण त्याच जाळ्यातून तुमच्या संस्थेला रोज खरी मेल येत असेल, तर तुमच्या दृष्टीने ते जाळं वेगळं ठरतं. म्हणून तुमच्याकडे आलेल्या खऱ्या आणि खोट्या मेलच्या प्रमाणावरून प्रत्येक जाळ्यासाठी उंबरठा ठरवा, आणि तो बदलता ठेवा. सुरतेच्या व्यापाऱ्याच्या सर्व्हरला दादरा-नगर हवेलीतून रोज ऑर्डरी येतात. ओस्लोच्या सर्व्हरला येत नाहीत. दोघांनी एकच यादी एकाच कडकपणे का वापरावी?

मोजमापातली एक फसगत इथेच सांगायला हवी, कारण जाहिरातींत ती सर्रास दिसते. समजा एका सर्व्हरकडे दिवसाला १०,००० मेल येतात. ९,००० स्पॅम, १,००० खऱ्या. यादीने १० खऱ्या मेल अडवल्या. विकणारा सांगतो, १०,००० मध्ये फक्त १० चुका, म्हणजे ९९.९ टक्के अचूक. पण चुकीचा ठपका बसू शकतो तो फक्त खऱ्या मेलवर, आणि त्या १,००० च होत्या. म्हणजे शंभरातली एक खरी मेल गेली. महिन्याला शंभर ऑर्डरी घेणाऱ्या युनिटची एक ऑर्डर. फिल्टर विकणाऱ्याला आकडा विचारताना भागाकार कशाने केला ते विचारलंच पाहिजे.

उपायांत सर्वांत जुना आणि माझ्या मते अजूनही सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे यादीला पुरावा मानणं, निकाल नव्हे. २००१ मध्ये आलेल्या स्पॅमअसॅसिन या मोफत प्रणालीने हे करून दाखवलं. प्रत्येक लक्षणाला गुण, सगळ्यांची बेरीज, आणि ती ५ किंवा त्यापुढे गेली तर स्पॅमचा शिक्का. एखाद्या यादीत नाव असेल तर दोन गुण मिळतील, पण तेवढ्याने मेल अडणार नाही. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या पोस्टस्क्रीन या भागातही याद्यांना वजन देता येतं: विश्वासू यादीला तीन, ऐकीव यादीला एक, आणि चांगल्या पाठवणाऱ्यांच्या पांढऱ्या यादीला उणे. ज्याला हे करता येत नाही त्याने निदान एकच, नीट चालवलेली यादी वापरावी. सात याद्या जोडून ‘एकात सापडलं तरी नाकारा’ असं केलं की सातही याद्यांच्या चुका आपल्या पदरी येतात.

दुसरा उपाय थांबवून पाहण्याचा. २००३ मध्ये मांडलेल्या ग्रेलिस्टिंगमध्ये अनोळखी पाठवणाऱ्याला ‘थोड्या वेळाने या’ असं ४ ने सुरू होणारं उत्तर दिलं जातं. खरा सर्व्हर परत येतो, घाईतले स्पॅम पाठवणारे बहुधा येत नाहीत. मेल काही मिनिटं उशिरा येते, पण कायमची जात नाही. संशयितासाठी हा नकारापेक्षा केव्हाही बरा मार्ग.

तिसरा बदल गेल्या दशकात झाला आणि तो मूलगामी आहे. आयपी पत्त्यावरून पारख करण्याऐवजी डोमेनच्या नावावरून करणं. एसपीएफ सांगतो की या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे. डीकेआयएम मेलवर सही करतं. २०१५ मध्ये दस्तऐवजाच्या रूपात आलेला डीमार्क या दोन्हींची मेलवरच्या पाठवणाऱ्याच्या नावाशी सांगड घालतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना (गूगलच्या हिशेबात दिवसाला सुमारे ५,००० किंवा अधिक) हे तिन्ही सक्तीचे केले आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं; २०२५ च्या मेमध्ये मायक्रोसॉफ्टही त्याच वाटेने गेली. सामायिक सर्व्हरवरच्या शेजाऱ्याची चूक आपल्याला कमी भोवावी यासाठी लहान युनिटच्या हातात असलेलं हे सर्वांत चांगलं साधन आहे. नाव आपलं एकट्याचं असतं, पत्ता नसतो.

मात्र नावावर विसंबण्यातही धोका आहे. २४ सप्टेंबर २०१८ रोजी झोहो या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्य डोमेनच तिच्या अमेरिकेतल्या रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेनची नोंदणी सांभाळणाऱ्या कंपनीने, बंद केलं. कारण होतं झोहोच्या सेवेतून झालेल्या फिशिंगच्या मोजक्या तक्रारी. त्यावर अवलंबून असलेल्या जगभरच्या ग्राहकांची कामं ठप्प झाली आणि झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू यांना रजिस्ट्रारपर्यंत पोहोचण्यासाठी ट्विटरवर मदत मागावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीला दाद मागायला दार सापडत नसेल, तर अथालच्या युनिटला कुठून सापडणार? म्हणून दाद मागण्याची सोय हा मला तांत्रिक उपायांइतकाच मोठा उपाय वाटतो. याद्या कशा चालवाव्यात यावर २०१२ च्या जानेवारीत आरएफसी ६४७१ हा दस्तऐवज निघाला. निकष उघड ठेवा, नोंदी कायमच्या ठेवू नका, नाव काढण्याची विनंती ऐका आणि वेळेत निर्णय द्या, यादी बंद करायची असेल तर नीट पूर्वसूचना देऊन करा, हे त्याचं सार. १२७.०.०.२ ही चाचणीची नोंद यादीत नेहमी असावी आणि १२७.०.०.१ कधीच नसावी, असंही तंत्र घालून दिलेलं आहे. ओआरडीबीसारखी यादी वेडीवाकडी वागू लागली की सर्व्हरला या दोन प्रश्नांवरून ते आपोआप ओळखता येतं. किती सर्व्हर ही तपासणी करतात?

कोर्टात जाऊन हा प्रश्न सुटेल असं मानणाऱ्यांनी ई३६० चा खटला पाहावा. या अमेरिकी कंपनीने स्पॅमहाउसवर दावा लावला. २००६ मध्ये एकतर्फी निकालात १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली, २०१० मध्ये ती २७,००२ डॉलरवर आली आणि २०११ मध्ये अपिलात ३ डॉलरवर. आपल्याकडे तर स्पॅम मेलसाठी वेगळा कायदाच नाही. त्रासदायक मेलचा उल्लेख असलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, आणि अतिव्यापक असल्यामुळे ते रद्द होणं योग्यच होतं.

कायद्याचा एक पैलू मात्र प्रत्येक कारखानदाराला माहीत हवा. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे नोंदणीच्या वेळी दिलेल्या मेल पत्त्यावर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं धरता येतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, आपण नेमून दिलेल्या संगणक-व्यवस्थेत मेल शिरली की ती मिळाली असं मानलं जातं. वाचली की नाही, हा प्रश्न तिथे येत नाही. याचा अर्थ जंक फोल्डरमध्ये पडलेली मेलही कायद्याच्या नजरेत मिळालेली ठरू शकते. दारातच नाकारलेली मेल आत शिरलेलीच नसते, आणि पाठवणाऱ्याला तसं लगेच कळतं.

म्हणूनच संशयित मेलचं काय करावं या जुन्या वादात माझा कौल उघड नकाराकडे आहे. जंकमध्ये टाकणं सौम्य वाटतं, कारण मेल कुठेतरी असते. पण पाठवणारा ती पोहोचली असं समजून बसतो, घेणारा ती बघत नाही, आणि चूक कोणाच्याच लक्षात येत नाही. कारण सांगून दिलेला नकार कडक वाटला तरी पाठवणाऱ्याला दुसरा मार्ग शोधायची संधी देतो. सर्वांत वाईट तिसरा प्रकार: मेल स्वीकारायची आणि न सांगता नष्ट करायची. कोणत्याही व्यावसायिक सर्व्हरवर त्याला जागा असू नये.

एक छोटी गोष्ट मराठी वाचकांसाठी. स्पॅमअसॅसिनमध्ये मेलची भाषा ओळखणारी जोड आहे, आणि सर्व्हर सांभाळणारा ठरवू शकतो की अमुक भाषांव्यतिरिक्त आलेल्या मेलला जादा गुण द्यावेत. सर्व्हर लावताना कोणी फक्त इंग्रजी लिहून ठेवली असेल, तर मराठीतली साधी मेलही स्पॅमच्या उंबरठ्याकडे ढकलली जाते. आपल्या संस्थेच्या सर्व्हरवर मराठी आणि हिंदी त्या भाषांच्या यादीत आहेत का, हे विचारून घ्यावं.

मेलची व्यवस्था आपल्या हातात नसली तरी काही गोष्टी आपल्याला या आठवड्यातच करता येतात. होस्टिंगवाल्याला लेखी विचारा: आमच्या मेल कोणत्या आयपी पत्त्यावरून जातात, त्यावर आणखी किती ग्राहक आहेत, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावले आहेत का, आणि येणाऱ्या मेलसाठी तुम्ही कोणत्या याद्या वापरता, नाकारताना कारण देता का? आपल्या डोमेनचा ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता चालू ठेवा. मेलचे नियम तो स्वीकारायला सांगतात, आणि यादीमुळे अडलेल्या माणसाला आपल्यापर्यंत पोहोचण्याचं ते एकमेव दार असू शकतं. कॅटलॉग पाठवायचे असतील तर ऑर्डरीच्या मेलपासून वेगळ्या डोमेनवरून आणि मागणाऱ्यांनाच पाठवा. जीएसटीला दिलेला मेल पत्ता कोण पाहतो ते ठरवा आणि त्याला जंक फोल्डर रोज उघडायला सांगा. आणि परत आलेली मेल डिलीट करण्याआधी तिची ती एक इंग्रजी ओळ होस्टिंगवाल्याला जशीच्या तशी पाठवा.